घडलेले, खरे आणि शाबीत : ‘फॅक्ट’ या शब्दाची गोमंतकीय हकिगत

म्हापसा हे बाजाराचे गाव म्हणून जितके प्रसिद्ध आहे, तितकेच ते कज्जेदलालीचेही गाव आहे. शुक्रवारच्या बाजारासाठी पेडणे आणि डिचोली या शेजारच्या तालुक्यांतून माणसे येतात, आणि त्यांतले काही जण पिशवी दुकानात ठेवून कागदांचे भेंडोळे वकिलाकडे नेतात. बार्देश कोमार्काचे न्यायालय पोर्तुगीज अमदानीत याच गावी होते. त्या न्यायालयात एका पिढीने ‘फाक्तु’ हा शब्द ऐकला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर पुढच्या पिढीच्या कानांवर ‘फॅक्ट’ हा शब्द पडू लागला. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे, उच्चारातही जवळचे. भाषा बदलली, कायदे बदलले, वकिलांचे झगे बदलले. हा एक शब्द मात्र थोड्याशा फरकाने तसाच राहिला. पक्षकाराला तो तेव्हाही नीट उमगला नव्हता आणि आजही उमगला आहे असे म्हणवत नाही. त्याच्या मनात ‘फॅक्ट’ म्हणजे ‘खरे’. न्यायालयाच्या मनात मात्र ‘फॅक्ट’ म्हणजे काही निराळेच असते. या दोन अर्थांमधल्या दरीत अनेकांची भाटे-बागायती, कुळागरे आणि राहती घरे गेली आहेत. म्हणून या शब्दाची हकिगत सांगणे हा केवळ कोशकारांचा विषय राहत नाही.

शब्दाचे कूळ

लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणे आणि ‘फाक्तुम’ म्हणजे केलेले. तेव्हा या शब्दाचा मूळ अर्थ ‘कृत्य’ असा आहे. इंग्रजीतही सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘फॅक्ट’ म्हणजे कृती, विशेषतः दुष्कृत्य, असाच अर्थ चालत असे. गुन्हा घडून गेल्यावर गुन्हेगाराला आसरा देणाऱ्यास इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘ॲक्सेसरी आफ्टर द फॅक्ट’ म्हणत, त्यात हा जुना अर्थ अजून गोठून राहिला आहे. तेथे ‘फॅक्ट’ म्हणजे ‘सत्य’ असे भाषांतर केले तर वाक्य निरर्थक होईल. ‘कृत्यानंतरचा साथीदार’ हाच त्याचा सरळ अर्थ. कारखान्याला आपण म्हणतो ती ‘फॅक्टरी’ही याच धातूची, इतिहासात सुरत, राजापूर, कारवार येथील इंग्रजांच्या ज्या फॅक्टऱ्या आपण वाचतो, त्यांना आपल्या पूर्वजांनी ‘वखार’ म्हटले. ‘डी फॅक्टो’ म्हणजे प्रत्यक्षात असलेले, ‘इप्सो फॅक्टो’ म्हणजे त्या कृतीनेच आपोआप झालेले. ‘प्रायमा फेसी’ हा शब्दप्रयोग मात्र ‘चेहरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. प्रथमदर्शनी, हा त्याचा मराठी प्रतिशब्द म्हणूनच इतका चपखल बसतो.

पोर्तुगीज भाषेत याच मुळाचे दोन शब्द झाले. लोकांच्या तोंडी झिजून झालेला ‘फैतु’, म्हणजे केलेले. आणि पंडितांनी लॅटिनवरून पुन्हा उचललेला ‘फाक्तु’, म्हणजे न्यायालयातील वस्तुस्थिती. ब्राझीलमध्ये या दुसऱ्या शब्दातील ‘क’ गळून गेला. पोर्तुगालात तो टिकून राहिला, कारण तेथे ‘फातु’ म्हणजे अंगावर घालावयाचा सूट. एका अक्षराने वस्तुस्थितीचे कापड व्हावे, ही गंमत भाषेच्या अभ्यासकाला रुचेल. पण कापडाप्रमाणे वस्तुस्थितीही बेतून, शिवून न्यायालयात आणावी लागते, हे ज्याने एखादा दावा चालविला आहे त्याला सांगावयास नको.

भूत आणि छल

‘फॅक्ट’ ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी किंवा पोर्तुगीजांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात तिच्यासाठी ‘भूत’ असा शब्द आहे. भूत म्हणजे झालेले, घडून गेलेले. आज मराठीत या शब्दाने पिंपळावरचा रहिवासी आठवतो. परंतु भूतकाळ, भूतपूर्व या शब्दांत मूळ अर्थ शाबूत आहे. राजाने छल, म्हणजे वादातील लबाडी आणि शब्दांचे डावपेच, बाजूला सारून भुताच्या आधारे निवाडा करावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. लगेच त्याला जोडून तो जे सांगतो ते अधिक महत्त्वाचे आहे : जे घडले आहे तेही योग्य वेळी पुढे मांडले नाही तर व्यवहाराच्या नियमांमुळे हरपते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या वाक्यात आजच्या दिवाणी न्यायालयाचा सारा अनुभव आला आहे. घडलेले असणे पुरत नाही, ते मांडावे लागते, आणि मांडलेले शाबीत करावे लागते.

शाबीत करण्याची साधने त्याने तीन सांगितली : लिखित, भुक्ती आणि साक्षी. म्हणजे कागद, भोगवटा आणि माणूस. तिन्ही नसतील तर दिव्य. मराठेशाहीत हाच क्रम थोड्याफार फरकाने चालू राहिला. या विषयाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास ज्यांनी केला ते डॉ. वि. त्र्यं. गुणे पुढे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी वादीला अग्रवादी आणि प्रतिवादीला पश्चिमवादी म्हणत. दोघेही आपापली तकरीर देत. आपल्या हक्काची पिढ्यान्‌पिढ्यांची हकिगत सांगणारा जो लेख देत तो ‘करीना’. गोत बसे, साक्षी होत, महजर होई, आणि हरलेल्याकडून ‘येजितखत’ लिहून घेत. करीना म्हणजे आजच्या भाषेत ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स’. करीन्यात लिहिलेले सर्व खरेच असे कोणी मानीत नसे. दोन करीने परस्परविरुद्ध असणारच, हे गृहीतच होते. म्हणजे ‘फॅक्ट’ आणि ‘सत्य’ यांतील अंतर आपल्या पूर्वजांना व्यवहाराने ठाऊक होते.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पोर्तुगिजांच्या हाती गेले आणि ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जुन्या काबिजादींत लोकांवर जे लादले गेले ते येथे लादावयाचे नाही, इथल्या रूढी व दप्तर सांभाळावयाचे, असे धोरण राज्यकर्त्यांनी ठेवले. त्यामुळे गावच्या कुलकर्ण्यांचे दप्तर मोडी मराठीत चालू राहिले, आणि नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रीतिरिवाजांची संहिता एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. एकाच गावातल्या एकाच जमिनीविषयीचे ‘भूत’ अशा रीतीने दोन लिप्यांत, दोन भाषांत आणि दोन कायद्यांत नोंदले जाऊ लागले. पुढच्या दीडशे वर्षांतल्या कित्येक कज्ज्यांचे बीज येथे आहे.

पुराव्याच्या कायद्यातील ‘फॅक्ट’

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने रचलेला पुराव्याचा कायदा झाला. गोव्यात तो मुक्तीनंतर आला. १ जुलै २०२४पासून त्याची जागा ‘भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३’ने घेतली, पण ‘फॅक्ट’ची व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी ठेवली गेली. ही व्याख्या दोन भागांची आहे. इंद्रियांनी जाणता येईल अशी कोणतीही वस्तू, वस्तूंची स्थिती वा त्यांचा परस्परसंबंध हा पहिला भाग. ज्याची एखाद्याला जाणीव आहे अशी मनाची अवस्था हा दुसरा. तिच्याखाली दिलेली उदाहरणे सामान्य वाचकाला चक्रावून टाकणारी आहेत. एका ठिकाणी काही वस्तू विशिष्ट क्रमाने मांडल्या आहेत, हे फॅक्ट. एका माणसाने काही ऐकले किंवा पाहिले, हेही फॅक्ट. त्याने काही शब्द उच्चारले, हे फॅक्ट. त्याचे अमुक मत आहे, अमुक हेतू आहे, त्याचा अमुक लौकिक आहे, हीसुद्धा फॅक्ट्स.

येथे नीट थांबून पाहिले पाहिजे. पेडण्यातील एखादा साक्षीदार म्हणतो, ‘हे काजूचे भाट आमचे, असे आजोबा सांगायचे.’ आजोबांनी तसे सांगितले आणि नातवाने ते ऐकले, हे एक फॅक्ट. भाट त्यांचे होते की नाही, हे दुसरे फॅक्ट. पहिले शाबीत झाले म्हणजे दुसरे शाबीत झाले, असे होत नाही. साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो, न्यायालय इंग्रजीत लिहून घेते, आणि घरी परतताना साक्षीदाराला वाटते की आपण खरे तेच सांगितले तेव्हा काम झाले. त्याने खरे सांगितले असेलही. परंतु त्याने जे सांगितले ते ज्या गोष्टीविषयी वाद होता त्या गोष्टीविषयी नव्हते. कायदा ‘वादातील फॅक्ट’ आणि ‘संबद्ध फॅक्ट’ असा जो भेद करतो तो याच कारणासाठी.

याहून महत्त्वाची आहे ती तीन अवस्थांची विभागणी. एखादी गोष्ट शाबीत झाली असे केव्हा म्हणावयाचे? ती आहे असा न्यायालयाचा विश्वास बसला, किंवा शहाण्या माणसाने ती आहे असे धरून चालावे इतकी ती संभाव्य वाटली, म्हणजे. ती नाही असा विश्वास बसला तर ती नाशाबीत. आणि या दोहोंपैकी काहीच झाले नाही तर ती ‘शाबीत न झालेली’. व्यवहारात आपण ही तिसरी अवस्था विसरतो. दावा फेटाळला गेला की गाव म्हणते, तो खोटा ठरला. वास्तविक न्यायालयाने एवढेच म्हटलेले असते की पुढे आलेल्या पुराव्यावरून खात्री होत नाही. खोटे ठरणे आणि शाबीत न होणे यांत माणसाच्या अब्रूइतके अंतर आहे. शाबीत होण्याच्या व्याख्येतही सत्य हा शब्द कोठे नाही, हे लक्षात घ्यावे. तेथे आहे तो विश्वास, संभाव्यता आणि शहाण्या माणसाची वागणूक.

‘तथ्य’ या शब्दाची अडचण

मराठी कायदेग्रंथांत ‘फॅक्ट’साठी आज ‘तथ्य’ हा शब्द रूढ आहे. शब्द सुटसुटीत आहे, संस्कृत आहे, हिंदीतही तोच आहे. तरीही त्याने एक घोटाळा केला. ‘तथा’, म्हणजे ‘तसे’, यावरून तो आला आहे. जे खरोखर तसे आहे ते तथ्य. ‘त्याच्या बोलण्यात तथ्य आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘त्याचे म्हणणे खरे आहे’ हाच अर्थ अभिप्रेत असतो. म्हणजे ‘तथ्य’ या शब्दाच्या पोटातच सत्य बसलेले आहे. ‘हे तथ्य शाबीत झालेले नाही’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने निर्दोष, पण मराठी कानाला विसंगत. तथ्य असेल तर शाबीत करावयाचे काय राहिले? ‘खोटे तथ्य’ हा शब्दप्रयोग तर बोलताच येत नाही. ‘फॅक्ट’च्या मूळ अर्थात, म्हणजे ‘केलेले’ या अर्थात, असे काही सत्याचे वजन नव्हते. इंग्रजीत ते नंतर आले, आणि बोलीतल्या इंग्रजीत आज ‘फॅक्ट’ म्हणजे खरेच असले तरी कायद्याच्या इंग्रजीने जुना, सावध अर्थ सोडला नाही. त्या भाषेत ‘आरोपित फॅक्ट’, ‘नाकारलेले फॅक्ट’ असे शब्द सहज येतात.

मग मराठीत काय म्हणावे? सर्वत्र एकच शब्द वापरण्याचा हट्ट सोडला तर वाट सापडते. पक्षकार जे मांडतो ती ‘हकिगत’; ज्याविषयी वाद आहे ती ‘बाब’ किंवा ‘गोष्ट’; न्यायालयाने तपासून स्वीकारली ती ‘शाबीत गोष्ट’. ‘वस्तुस्थिती’ हा शब्द प्रत्यक्ष जमिनीवर काय आहे हे सांगण्यासाठी राखून ठेवावा, आणि ‘तथ्य’ हा शब्द जेथे खरेपणाच सांगावयाचा आहे तेथे. आपल्या जुन्या दप्तरांतील भाषेला असा विवेक होता. करीना, तकरीर, महजर आणि निवाडा यांत ती कधी गल्लत करीत नव्हती.

कायदेविषयक आणि वस्तुविषयक

पोर्तुगीज न्यायपद्धतीत ‘फाक्तुची बाब’ आणि ‘कायद्याची बाब’ असे दोन कप्पे काटेकोरपणे केले जात. १९३९च्या पोर्तुगीज दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे, लेखी कैफियती झाल्यावर न्यायाधीश दोन याद्या तयार करीत असे. दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या गोष्टींची एक यादी, ती ‘एस्पेसिफिकासांव’. वादग्रस्त गोष्टींची प्रश्नरूपाने मांडलेली दुसरी यादी, ती ‘केश्तियोनारियु’. साक्षी-पुरावे केवळ दुसऱ्या यादीवर. ‘अमुक विहीर अमुक वर्षी प्रतिवादीच्या वडिलांनी खणली काय?’ अशा स्वरूपाच्या प्रश्नांना शाबीत किंवा शाबीत नाही, असे उत्तर दिले जाई. कायदा त्यानंतर लावावयाचा. १९६५च्या कायद्याने भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्याला लागू झाली आणि १९६६पासून तिचा अंमल सुरू झाला. तेव्हा याद्यांची जागा ‘इश्यूज’नी, म्हणजे मुद्द्यांनी घेतली. मुद्द्यांत वस्तुस्थितीचे आणि कायद्याचे प्रश्न एकाच यादीत येऊ शकतात. म्हापशाच्या वकिलांच्या एका संपूर्ण पिढीला हा पालट मध्येच शिकावा लागला.

या भेदाचे व्यावहारिक परिणाम मोठे आहेत. कायद्याविषयीचे अज्ञान क्षम्य नाही, पण वस्तुस्थितीविषयीचा प्रामाणिक गैरसमज फौजदारी कायद्यात क्षम्य ठरू शकतो. ज्या प्रदेशात काही वर्षांच्या आत कायद्याची भाषा पोर्तुगिजीहून इंग्रजी झाली, त्या प्रदेशातल्या शेतकऱ्यावर या नियमाचा भार किती पडला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. दुसरा परिणाम अपिलाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००प्रमाणे, विशेषतः १९७६च्या दुरुस्तीनंतर, उच्च न्यायालयातील दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. म्हणजे विहीर कोणी खणली, बांध कोणी घातला, कुळागरात पाणी कोणाच्या पाटाचे, या गोष्टींचा शेवट सामान्यतः जिल्हा पातळीवरच्या पहिल्या अपिलात होतो. पणजीला वा दिल्लीला आपले खरे कोणीतरी ऐकेल, या आशेवर खालच्या न्यायालयात पुरावा सैलपणे देणाऱ्या पक्षकाराने हे ध्यानी घ्यावयास हवे होते.

‘डी फॅक्टो’चे राज्य

‘फॅक्ट’ या शब्दाचे वजन केवढे असते, याचा सर्वांत मोठा दाखला पोर्तुगीज भारताच्या इतिहासातच आहे. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. डिसेंबर १९५५मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. या प्रदेशावर आपले सार्वभौमत्व आहे आणि तेथे जाण्यासाठी भारतीय हद्दीतून वाट मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, हे त्याचे म्हणणे. आधार होता तो पेशव्यांबरोबर १७७९ साली झालेल्या पुण्याच्या तहाचा आणि १७८३ व १७८५च्या सनदांचा. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ तपासले. मराठ्यांना जेथे सार्वभौमत्व द्यावयाचे असे तेथे ते तसे स्पष्ट शब्द वापरीत, हे त्यांच्या इतर तहांशी ताडून पाहिले. येथे तसे शब्द नाहीत, दिला गेला तो सालिना बारा हजार रुपये उत्पन्नाचा जहागीर किंवा सरंजाम, असा निष्कर्ष निघाला. एका आंतरराष्ट्रीय न्यायपीठाला मराठी दप्तराच्या शब्दांची अशी छाननी करावी लागली, ही मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी बाब.

परंतु निकाल तेथेच थांबला नाही. मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगिजांना त्या गावांत संपूर्ण अंमल चालविताना पाहिले, स्वतः हक्क सांगितला नाही आणि आक्षेपही घेतला नाही. म्हणून पोर्तुगीज सार्वभौमत्व इंग्रजांनी प्रत्यक्षात व अर्थापत्तीने मान्य केले होते आणि भारतानेही ते मूकपणे मानले होते, असे न्यायालयाने म्हटले. कागदावर सरंजाम, भोगवट्याने राज्य. लिखितावर भुक्तीने मात केली. शेवटी वाटेचा हक्क खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरताच मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रसामग्री यांच्यासाठी नाही. आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असाही निर्णय झाला.

पुढे पावणेदोन वर्षांत गोवाच मुक्त झाला आणि हाच वाद उलट दिशेने फिरला. भारताच्या दृष्टीने गोवा, दमण व दीव हे २० डिसेंबर १९६१पासून भारतीय संघराज्याचे भाग, आणि १९६२च्या बाराव्या घटनादुरुस्तीने त्यावर मोहोर उमटली. लिस्बनच्या दृष्टीने मात्र भारताचा अंमल केवळ ‘डी फॅक्टो’. पोर्तुगालातील हुकूमशाही एप्रिल १९७४मध्ये कोसळली, तेव्हाच ही गाठ सुटली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत झालेल्या करारात पोर्तुगालने हे प्रदेश भारतीय संविधानानुसार ज्या ज्या तारखेला भारताचे भाग झाले त्या त्या तारखेपासून भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मधली तेरा वर्षे एका सहीने मागाहून कायदेशीर झाली. घडलेली गोष्ट तीच. तिचे नाव तेवढे बदलले.

एक-चौदाचा उतारा आणि मानीव संमती

राष्ट्रांच्या बाबतीत जे घडले तेच घराघरांत घडते. भोगवट्याला काळाची जोड मिळाली की त्याचा हक्क होतो, हे तत्त्व सर्व कायद्यांत आहे, फरक मुदतीचा. याज्ञवल्क्याने, मालकाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने भोगलेल्या जमिनीसाठी वीस वर्षे सांगितली. १८७० साली गोव्याला लागू झालेल्या १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत सद्भावाने केलेल्या भोगवट्याला पंधरा आणि एरवी तीस वर्षे अशी सर्वसाधारण मुदत होती. भारताच्या १९६३च्या मुदतीच्या कायद्यात खाजगी जमिनीला बारा वर्षे. दाव्यांच्या मुदतीबाबत गोव्यात जुनी संहिता लागू की नवा कायदा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७९मध्ये एक उत्तर मिळाले आणि २००१मध्ये ते बदलले. मधल्या काळात दावे चालविणाऱ्यांची किती ओढाताण झाली असेल! वस्तुस्थिती तसूभर हलली नव्हती.

आज गोमंतकीय माणसाला सर्वांत परिचित असलेले ‘फॅक्ट’ म्हणजे एक-चौदाचा उतारा. १९६८च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १०५प्रमाणे हक्कनोंदणीतील नोंद, उलट शाबीत होईपर्यंत, खरी आहे असे गृहीत धरले जाते. ‘उलट शाबीत होईपर्यंत’ हे तीन शब्द पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. ज्याचे नाव उताऱ्यात आहे तो निर्धास्त होतो. ज्याचे नाही तो खचतो. दोघेही घाई करतात. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मोजणीच्या वेळी जो घरी नव्हता, ज्याला भाषा कळली नाही, ज्याचे पूर्वज मुंबईला गेले होते, त्याचे नाव राहून गेले असेल तर त्याची वाट बंद झालेली नाही. पण शाबीत करण्याचा भार मात्र आता त्याच्यावर आहे.

कायदा काही वेळा याहून पुढे जातो आणि जे घडले की नाही ते तपासण्याऐवजी ते घडले असे मानून चालतो. त्याला आपण ‘मानीव’ म्हणतो. १९७५च्या मुंडकार संरक्षण कायद्यात मुंडकार म्हणजे भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीतील घरात कायम राहणारा. संमती ही मनाची अवस्था. ती बहुधा कधी कोणी कागदावर लिहून दिली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या माड राखणाऱ्या, भाटकाराच्या घरी सणासुदीला राबणाऱ्या माणसाने संमतीचा पुरावा आणावा तरी कोठून? म्हणून कायद्याने ठरविले की नेमलेल्या तारखेपूर्वी निदान एक वर्ष तो तेथे राहत असेल आणि भाटकाराने त्या काळात त्याच्याविरुद्ध कारवाई सुरू केली नसेल, तर संमती होती असे मानावे. ज्या माणसाजवळ लिखित नव्हते त्याच्या भुक्तीला येथे कायद्याने आवाज दिला. ‘फॅक्ट’ या शब्दाच्या कोरडेपणात माणुसकीला जागा करता येते, याचे हे उदाहरण.

ग्रंथालयाचे काम

शंभर वर्षे पुस्तके व कागद सांभाळणाऱ्या संस्थेच्या ग्रंथात ही हकिगत सांगण्याचे कारण एव्हाना वाचकांच्या ध्यानी आले असेल. लिखित, भुक्ती आणि साक्षी या तीन साधनांपैकी साक्षी वयाबरोबर जातात. भोगवटा विक्रीने, वाटणीने, घर पाडून इमारत बांधल्याने पुसला जातो. उरते ते लिखित. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ साली स्थापन झाले आणि दियोगु द कोउतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक. तेव्हापासून कागद सांभाळण्याची परंपरा आपल्याकडे आहे. तथापि सांभाळलेला कागद वाचता आला पाहिजे. नव्या काबिजादींतील गावांचे मोडी दप्तर आणि म्हापशाच्या नोटरींचे पोर्तुगीज हस्ताक्षर ही दोन्ही वाचू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. ती संपली तर कागद पेटीत सुरक्षित राहील आणि त्यातले ‘भूत’ मात्र मुके होईल. मांडले न गेलेले हरपते, हा याज्ञवल्क्याचा इशारा तेव्हा कपाटांनाही लागू पडेल.

म्हणून सभासदांना एक विनंती करावीशी वाटते. घराच्या माळ्यावर, देव्हाऱ्याखालच्या पेटीत, जुन्या ट्रंकेत जे दप्तर असेल ते कुळकट म्हणून टाकून देऊ नये. वाटणीपत्र असो, कोमुनिदादची पावती असो, फोर भरल्याची नोंद असो किंवा आजोबांनी वहीत लिहून ठेवलेला बागायतीचा हिशेब असो, ते जाणकाराकडून वाचून घ्यावे, त्याची नक्कल करून ठेवावी आणि त्यावर कोणत्या सालचा, कोणाच्या हातचा, कोठे सापडला, एवढे लिहावे. त्यात लिहिलेले सर्व खरे असेल असे नाही. ते खरे की खोटे हे ठरविण्याची वेळ आली, तर विचार करण्यासाठी काहीतरी पुढे असावे, इतकेच. मोडी आणि जुनी पोर्तुगीज लिपी शिकविणारा एखादा वर्ग ग्रंथालयाने दुसऱ्या शतकाच्या आरंभी सुरू केला, तर पेडण्या-डिचोलीहून शुक्रवारी कागदांचे भेंडोळे घेऊन येणाऱ्या माणसाला वकिलाच्या आधी येथे यावेसे वाटेल.